हिरव्या साडीचा कप्पा

गेल्या दिवाळीच्या आठवड्यात मी चिखलीच्या घरी आईचं लहानसं कपाट आवरलं. आईला कॅन्सर होता आणि तिला उठवत नव्हतं. रोजचे कपडे हाताशी आणि क्वचित लागणारे वर, असं मी लावत होतो. माहेरची कोरी हिरवी साडी मी सर्वांत वर ठेवली, तेव्हा ती पलंगावरून म्हणाली, "वर नको ठेवू. मी सवाष्ण जाईन, तवा तुले ऐन वेळी सापडली पाहिजे."

दाराशी बसलेले वडील म्हणाले, "माह्या आधी जायची एवढी घाई काऊन वं?"

"जलमभर तुम्हीच पुढं चालले. आता मले जाऊ द्या."

मी साडी मधल्या कप्प्यात ठेवली.

पौषात वडील झोपेतच गेले. आईवर बुलढाण्यात उपचार चालू आहेत.