कुंकू लागलेला नट

वारज्याच्या संपतरावांनी उभ्या हयातीत मेकॅनिकला आपल्या फियाटला हात लावू दिला नाही. नोकरी छापखान्यात, सुटीचा दिवस गाडीखाली. संपत कुठाय म्हणून कुणी आलं, तर आधी पाय शोधायचं.

पुढचं उजवं टायर फाटल्यापासून गाडी फाटकाशी उभी होती. आता लेकीचं, उल्काचं लग्न निघालं आणि मांडवाचा खांब नेमका गाडीच्या जागी येत होता. मथुराबाईंनी नवऱ्याला निकाल सांगून टाकला.

"दुपारी भंगारवाल्याचा ट्रक येतोय. तवर गाडी हलली तर मागं गोठ्यात ऱ्हाईल. न्हाई तर ट्रकात."

"अगं, पोरीची पाठवणी ह्याच गाडीतनं करायची हाय मला. दवाखान्यातनं हिच्यातच आणली तिला."

"आणली न्हवं, ढकलत आणली."

संपतराव पाना घेऊन चाकापाशी बसले. फाटकं टायर काढून डिकीतलं चाक बसवायचं, एवढंच काम. पण नट गंजून चाकाशी एकजीव झाले होते. त्यांनी रॉकेलचे बोळे लावले, हातोडीनं हलकं ठोकलं, पान्याला पाइप अडकवला.

शेजारचे दादामियाँ खुर्ची घेऊन आले. ते मदतीला आले की खुर्ची आणत.

"संपतराव, उलटं फिरवताय."

"आधी थोडं आवळायचं. गंज तुटतो, मग नट सुटतो."

"तो आधीच आवळलेला आहे. म्हणून तर आपण बसलोय."

नट करकरला. मग एकेक करून सगळे सुटले, एक सोडून. वरच्या अंगाचा नट हलेना. त्याच्यावर हळदीकुंकवाचा जाड, काळपट थर होता. दर दसऱ्याला मथुराबाई त्याच नटाला कुंकू लावत आणि नारळाचं पाणी त्याच्यावरच ओतत. पुसायचं नाही, ही घरची पद्धत.

"भक्ती गंजली," दादामियाँ म्हणाले. "छिन्नी लावा आणि फोडा."

संपतरावांनी छिन्नी नटावर ठेवली. हातोडी उचलली. खाली ठेवली.

"पूजेचा हाय हो."

"मग मी मारतो."

"तुम्ही नको. उद्या पोरीच्या लग्नात काय इपरीत झालं, तर मला तुमच्यावर राग धरावा लागंल. शेजार चांगलाय आपला."

दादामियाँना हे पटलं. दोघं नटाकडं बघत बसले. फाटकाबाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

मथुराबाई हात पुसत बाहेर आल्या. ट्रककडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. तो ट्रककडं बघत नव्हता. रॉकेलच्या बोळ्यानं नटाची कड हळूच पुसत होता, तापातल्या पोराचं कपाळ पुसावं तशी.

"सरका."

"अगं, पूजेचा..."

"पूजा कुणी केली? म्या. म्याच उतरवते."

त्यांनी पदर खोचला, नटाला हात जोडले, "चूकभूल माफ करा" म्हणाल्या आणि छिन्नीवर हातोडी हाणली. पुन्हा हाणली. नट दुभंगला. दादामियाँनी खुर्ची थोडी मागं घेतली.

जुनं चाक निघालं, डिकीतलं बसलं. उरलेले नट संपतरावांनी आवळले. "गोठ्यापत्तूर चालतंय," ते म्हणाले. "मग नवा नट बसवू."

एवढ्यात भंगारवाल्याची माणसं आत आली. "गाडी हीच का, बाई?"

"हीच," मथुराबाई म्हणाल्या. "मागनं जोर लावा."

माणसं मन लावून ढकलू लागली. संपतराव आत बसून स्टिअरिंग फिरवत होते. गाडी ट्रकच्या बाजूला न वळता घराला वळसा घालून गोठ्यात शिरली, तेव्हा त्यातला एकजण थांबला.

"बाई, ट्रक तिकडं राहिला की."

"ऱ्हाऊ द्या. चहा घेऊन जावा," मथुराबाई म्हणाल्या. "आन ते फाटकं टायर न्या."