वाटेवर लावलेली काटी

अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि शुद्धलेखन तर विचारूच नका, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ही कंपनीची जुनी डायरी आहे, तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून नाही. पण जे केलं ते एकदा कुठेतरी खरं लिहून ठेवावंसं वाटतं, कारण तोंडाने मी कुणाला सांगू शकत नाही.

आठवड्याचे सहा दिवस मी कुरुळीजवळच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. रविवारी कंपन्यांच्या मागच्या डोंगराच्या पायथ्याशी पोहे आणि ताक विकते. पिंपरी-चिंचवडहून माणसं डोंगर चढायला येतात. त्यांना घेऊन येणारा एक माणूस आहे, थेरगावचा. माणशी पैसे घेतो आणि दर रविवारी वेगवेगळ्या डोंगरावर नेतो. सगळे त्याला ‘सर’ म्हणतात.

मागच्या थंडीत त्याने माझ्याकडे चाळीस जणांचा नाश्ता सांगितला. पोहे आणि ताक मिळून अठराशे रुपये ठरले. मी पहाटे उठून सगळं केलं. लोकांनी खाल्लं, काहींनी मागून खाल्लं. पैशांची वेळ आली तेव्हा हा सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, “मावशी, पोह्यांत खडा होता. माझा दात गेला असता तर डॉक्टरचं बिल तुम्ही भरलं असतं का? चला रे, असल्या नाश्त्याचे पैसे नसतात द्यायचे.”

लोक हसले. मी खाली बघत उभी राहिले. पोहे मी दोनदा निवडले होते, खडा नव्हता. पण चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, लहानपणापासून असंच आहे. ते निघून गेले आणि मी चाळीस पेले विसळत बसले. त्यानंतर त्याची माणसं डबे घेऊन यायला लागली. माझ्या टपरीसमोरून जाताना एकजण दुसऱ्याला म्हणायचा, “दात सांभाळ रे!”

पुढे चार-पाच महिने मी चपात्या लाटताना त्याला उत्तरं देत होते. एकेक उत्तर इतकं चांगलं असायचं की लाटणं जोरात फिरायचं आणि चपाती एका बाजूने पातळ व्हायची.

मग वैशाखात ते वादळ झालं. अर्धा तासच टिकलं, पण रस्त्यावरची झाडं मोडली, जाहिरातीचे फलक आडवे झाले, कंपन्यांच्या शेडचे पत्रे कागदासारखे उडाले. दुसऱ्या दिवशी वनरक्षक बाईंचा फोन आला. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या, मला काकू म्हणतात.

“काकू, माझ्याकडे पाच गावांचं रान आहे, दोन दिवस तरी तिकडे येणं होणार नाही. तुम्हाला डोंगर पाठ आहे. जरा वर जाऊन वाट बघून याल का?”

मी कोयता घेऊन गेले. खिंडीपर्यंतची वाट ठीक होती. दोन-चार फांद्या पडल्या होत्या, त्या तोडून बाजूला केल्या. पण खिंडीच्या पुढे, जिथे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी आहे, तिथे वाटेची कड ढासळली होती. आणि वर उंबराच्या फांदीत शेडचा एक मोठा पत्रा अडकला होता. वारा आला की तो कण्हायचा. खाली माणूस असला आणि पत्रा सुटला तर काय होईल ते मला उभ्या उभ्या दिसलं.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “वाट बंद करा. बोर्ड राजगुरुनगरहून सोमवारी येईल. तोवर कुणाला जाऊ देऊ नका.”

आमच्याकडे वाट बंद करायची म्हणजे काटी लावायची. बाभळीची किंवा बोरीची काटेरी फांदी वाटेवर आडवी टाकायची आणि बुडख्यावर दगड ठेवायचा. शेताची वाट असो की डोंगराची, काटी दिसली की माणूस मागे फिरतो. मी एक काटी पायथ्याला लावली, एक खिंडीत.

शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

“मावशी, ओळखलंत का? अहो, वादळानंतर वाट कशी आहे ते विचारायचं होतं. उद्या पन्नास जण येतायत, पैसे भरून झालेत सगळ्यांचे. चालू आहे ना?”

मी म्हटलं, “काटी लावलीय वाटेवर.”

“काटी ना? असू दे, वादळात काट्याकुट्या पडणारच. आम्ही काढून घेऊ. बाकी सगळं ठीक?”

त्याला काटी म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. दर रविवारी डोंगर चढणारा माणूस, आणि त्याला वाटलं वाऱ्याने पडलेलं काहीतरी आहे. ‘सर, वाट बंद आहे,’ एवढं एकच वाक्य मी बोलायला हवं होतं. ते ओठांवर आलंही होतं.

मी म्हटलं, “बरं.” आणि फोन ठेवला.

हीच माझी चूक. वनरक्षक बाईंना हे अजून ठाऊक नाही. पण खरं सांगते, त्या संध्याकाळी मला भाकरी फार गोड लागली.

रविवारी टपरी लावलीच नाही. उजाडायच्या आत खिंडीत जाऊन बसले, काटीच्या पलीकडे, मांडीवर कोयता. पुढे मी कुणालाच जाऊ देणार नव्हते. पण खिंडीपर्यंत मात्र त्याला येऊ द्यायचं होतं, सगळ्या पन्नास जणांसकट, तासभर ऊन खात.

ते आले. तो सगळ्यात पुढे, गळ्यात शिट्टी. पायथ्याची काटी त्याने फेकून दिली होती, हात ओरखडला होता. मला बघून थबकला.

“मावशी, तुम्ही इथे? जरा बाजूला व्हा, मागे लोक आहेत.”

“वाट बंद आहे.”

“काल तर ठीक म्हणालात!”

“काल काटी लावलीय म्हणाले.”

“सर, तुम्ही चेक केलंय म्हणाला होतात ना?” मागून एक मुलगी म्हणाली. तिच्याबरोबर तिची आई होती, धापा टाकत, तोंड लालबुंद. तिला बघून मला पहिल्यांदा लाज वाटली. मी माझी पाण्याची बाटली तिला दिली.

एक वयस्कर माणूस पुढे आला. चालण्या-बोलण्यावरून खेड्यात वाढलेला वाटला. त्याने काटीकडे पाहिलं, तिच्यावरचा दगड पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“आवो सर, वाटंवर काटी म्हंजी वाट बंद! श्येंबडं पोर बी मागं फिरतंय. खाली तुमी ती फेकून दिली तवा मी मागं होतो, न्हाईतर तितंच सांगितलं असतं. तुमाला एवढं ठाव न्हाई व्हय?”

तेवढ्यात वारा आला आणि पुढे उंबरात अडकलेला पत्रा कण्हला. सगळ्यांनी माना वर केल्या. मग हसले, पण या वेळी माझ्याकडे बघून नाही.

“आमचे पैसे परत द्या मग, सर,” कुणीतरी म्हणालं.

तो माझ्याजवळ आला, हळूच खिशातून हजार रुपये काढून माझ्या हातात कोंबले. “घ्या मावशी, आणि सोडा. एकेकाला सांभाळून नेतो.”

मी नोटा घेतल्या. या वेळी आवाज आला, आणि मोठा आला. “हे पोह्यांचे. वाटेचे पैसे मी घेत नाही. पोह्यांचे आठशे राहिले.”

“कसले पोहे?” लोक विचारायला लागले. मी सांगितलं. चाळीस जण, अठराशे रुपये, खडा. पाच महिने लाटलेल्या उत्तरांपैकी एकही आठवलं नाही, साधंच सांगितलं.

“मी होते तेव्हा,” ती मुलगी म्हणाली. “दोन प्लेटी खाल्ल्या मी. खडा-बिडा काही नव्हता. आणि सर, तुम्ही आमच्याकडून नाश्त्याचे वेगळे घेतले होते!”

“बाकीचे खाली गेल्यावर देतो,” तो म्हणाला.

“मी इथेच बसलेय,” मी म्हटलं.

त्याच्याजवळ रोख तीनशेच निघाले. पाचशे त्याला मागावे लागले, आपल्याच माणसांकडे, एकेकाकडे हात पसरून. पहिल्या दोघांनी नाही म्हटलं. शेवटी त्या म्हाताऱ्याने पाचशेची नोट काढली, त्याला न देता सरळ माझ्या हातात ठेवली आणि त्याला म्हणाला, “माजं तुमी द्या मला खाली. इसरू नका.”

मन शांत झालं, त्याला माफ केलं, असं लिहिलं तर खोटं होईल. तो मान खाली घालून उतरत होता तेव्हा मी त्याची पाठ वळणापर्यंत बघितली. मग काटीवरचा दगड नीट बसवला आणि नोटा पुन्हा मोजल्या. पूर्ण अठराशे होते.