फोनवर कविता काय बोलली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मग तुम्हालाच का? — माहीत नाही. तुम्ही मनात म्हणाल, ही बाई आता स्वतःची बाजू सावरणार. घ्या संशय. मी जन्मभर दुसरं काय केलं?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसमतला हळदीच्या एका आडत दुकानात मी हिशेब लिहायची, फोन घ्यायची. कविता माझ्यानंतर आली. शिरड शहापूरकडच्या तांड्यावरची, बी.कॉम. झालेली. नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय काढणार नाही, असं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं. ती मला ताई म्हणायची, डबा उघडला की भाकर-ठेचा आधी माझ्यापुढं सरकवायची. आणि मला काय वाटायचं? हिचा माझ्या खुर्चीवर डोळा आहे. उगाच कोण एवढं गोड वागतं?

त्यात चेन्नईची पार्टी आली. त्यांना हिंदी जमेना, म्हणून फोन इंग्रजीत. आणि तो कविताकडे. मालक बेचैन. त्यांच्या तरुणपणी सौदे रुमालाखाली व्हायचे — बोटं दाबून भाव ठरायचा, बाकीच्यांना पत्ता नाही. पण त्या रुमालाखाली एक हात त्यांचा स्वतःचा असायचा. इंग्रजीत नव्हता. म्हणूनच ते मला म्हणायचे, "वंदनाबाई, तुमी बऱ्या. तुमाला बी येत न्हाई, मला बी येत न्हाई."

तर — मला येत होतं. म्हणजे यायला लागलं होतं. एक रिटायर मास्तर संध्याकाळी घरीच धंद्यातलं इंग्रजी शिकवायचे. कॉल ऑफ म्हणजे सौदा रद्द करणं. बॅक आउट म्हणजे दिलेल्या शब्दातून अंग काढून घेणं. सॉर्ट आउट म्हणजे भानगड मिटवणं. असल्या जोडशब्दांनी माझं डोकं भणभणायचं. कविताच मला तिथं ओढून घेऊन गेली होती, आणि परतताना रस्त्याने तीच माझ्याकडून ते घोकून घ्यायची. दुकानात कुणाला सांगायचं नाही, अशी मी तिला शपथ घातली होती. पोराबाळांची बाई, जमलं नाही तर हसं होईल — हे तिला दिलेलं कारण. खरं कारण सांगू? मला येत नाही, म्हणूनच तर मालक मला मानत होते.

एका दुपारी फोन आला. आधीचा माल ओलसर गेला होता, पार्टी भडकलेली. कविता हळू आवाजात बोलत होती. मध्येच मालकांचं नाव, मध्येच बारीकसं हसणं. प्लीज डोन्ट कॉल ऑफ, म्हणाली. अवर ओनर विल नेव्हर बॅक आउट. वुई विल सॉर्ट इट आउट. मला शब्द न् शब्द कळला. ती मालकांची पत राखत होती, हातातून निघालेला सौदा धरून ठेवत होती.

फोन ठेवून ती मागं पाणी प्यायला गेली. मालक माझ्याजवळ आले. "काय बोलून राहिली व्हती ती? माझं नाव काहून घेतलं?"

आणि मी — हेच ते — मी म्हणाले, "मला काय कळतंय, मालक? पण तुमचं नाव घेऊन हसली मात्र."

कविता आली, तिला विचारलं. जसं बोलली होती तसं तिनं बराबर सांगितलं. मालक म्हणाले, "आन् हे खरं कशावरून? कोण हाय साक्षीला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. आदल्याच दिवशी हेच शब्द तिनं माझ्याकडून म्हणून घेतले होते. ताईला विचारा, ताईला इंग्रजी येतं — एवढं म्हटलं की सुटली असती. मी घाबरून वाट बघत होते. आता सांगेल, सांगणारच. मी तिच्या जागी असते तर सांगितलं नसतं का?

"कोणी न्हाई, मालक," ती म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिची नोकरी गेली.

सौदा मात्र टिकला. पार्टी पुढंही आमच्याकडूनच हळद नेत राहिली. त्याच उन्हाळ्यात कविताच्या लग्नाची पत्रिका आली. मला वाटलं, टोमणा असेल. उलटीसुलटी करून पाहिली. कोपऱ्यात पेनानं लिहिलं होतं, ताई, नक्की या. मी गेले नाही.

पावसाळा संपल्यावर मी मालकांना सांगितलं, इंग्रजीचा क्लास लावते. थोड्याच दिवसांत चेन्नईचे फोन मी घ्यायला लागले. मालक आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "आमच्या वंदनाबाई बघा, किती लवकर शिकल्या!" मी नुसती हसायची. कुणी शिकवलं, ते मी कधीच सांगितलं नाही.