म्हशीचं शेपूट आणि मे महिना

दाखला देण्यात येतो की, श्री. कृष्णात दत्तू साळोखे, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, वय अडुसष्ट (जन्मतारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीने ठरवलेली), हे आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. व्यवसाय: दुग्धोत्पादन. पशुधन: म्हशी दोन, रेडकू एक. कुटुंब: पत्नी सौ. बाळाबाई, सोबत. कन्या एक, स्नेहल, विवाहित, पुण्यास. नात एक, राजनंदिनी, तीही पुण्यास. वर्तणूक चांगली. त्यांच्याविरुद्ध पेठेत कोणतीही तक्रार नाही. ज्या आहेत त्या म्हशींविरुद्ध आहेत. सदर दाखला त्यांच्या मागणीवरून दिलेला नाही. त्यांनी तो कधी मागितलाच नसता.

दाखल्यात बसत नाही अशी गोष्ट म्हणजे, त्यांच्या गल्लीतल्या एका अख्ख्या पिढीला साळोख्यांच्या म्हशींनी पोहायला शिकवलं. परीक्षा संपल्या की कृष्णाततात्या दुपारी चारला म्हशी सोडायचे आणि गंगावेशीतून खाली नदीकडे निघायचे. मागून गल्लीतली पोरं, चड्डीवर, खांद्याला टॉवेल. म्हैस पाण्यात शिरली की पोराने शेपूट धरायचं, एवढाच अभ्यासक्रम. शेपूट पिळायचं नाही आणि म्हशीला घाई करायची नाही. म्हैस मध्यावर वळायला लागली की लेंगा खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले तात्या ओरडायचे, “सोड!” पोरगं सोडायचं, कारण नाही सोडलं तर म्हैस बुडी मारायची. पुढचं ते पोर आणि ते पाणी आपसात बघून घ्यायचे.

असे शिकलेले लोक आज बँकेत आहेत, पोलिसात आहेत, आणि एकजण आखातात आहे, जिथे पोहायला समुद्र आहे पण धरायला काही नाही. स्नेहल सातव्या वर्षी शिकली. चंद्री नावाच्या म्हशीचं शेपूट तिने, तात्या ‘सोड’ म्हणायच्या आधीच सोडलं होतं. तात्या ही गोष्ट कौतुकाने सांगतात.

लग्नानंतर स्नेहल मे महिनाभर माहेरी यायची. पुढे नोकरी आली आणि महिन्याचा पंधरवडा झाला. पंधरवड्याचे, कुणाच्या तरी लग्नाला जोडून, चार दिवस झाले. गेल्या साली ती सकाळी आली आणि संध्याकाळी गेली. मधल्या वेळात राजनंदिनीने सोफ्यावर बसून विचारलं, “इथे करायचं काय?” प्रश्न साधा होता. पण त्या घरात तो आजवर कुणाला पडलेला नव्हता.

यंदा एप्रिलमध्ये स्नेहलचा फोन आला.

“आबा, नंदूला सुट्टीत कॅम्पला घालणार आहे.”

“क्यांपात काय करत्यात?”

“पाण्यातले खेळ असतात. फुगे, फवारे, घसरगुंडी, रबरी टाकी.”

“मग हितं काय पाणी आटलंय व्हय? मी करतो की सगळं.”

“नदीला न्यायचं नाही.”

“न्हाय न्हेत.”

“कुणाच्या विहिरीवर पण नाही.”

“अगं, न्हाय म्हटलं की.”

“बरं, आणून सोडते. करमलं तर शाळा सुरू होईपर्यंत ठेवा. नाही करमलं तर मी लगेच घेऊन जाणार. मागच्यासारखं तोंड पाडून बसायला नको.”

मागच्या वेळी तोंड पाडून कोण बसलं होतं, हे तिने सांगितलं नाही.

तात्यांनी जनावराच्या बाजारात पुष्कळ अटी ऐकल्या होत्या. दात बघून घेणे, चालवून बघणे, दुधाची बोली. ‘करमलं तर’ ही अट मात्र नवीन होती, आणि ती चालवून बघता येत नव्हती. तेव्हा त्यांनी गल्लीच्या कोपऱ्यावर चहाच्या गाड्यापाशी विषय काढला. कोल्हापुरात मत मागितलं की मत मिळत नाही, सभा भरते.

पंक्चरवाल्या गुंडूने जागेवरच ट्रकची जुनी ट्यूब देऊ केली. “तात्या, चार पोरं आरामात बसत्यात. फुटली तर दुकान हाय की.”

निवृत्त शिक्षक त्र्यंबकमास्तरांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचायला सुरुवात केली, “बालकाच्या सर्वांगीण विकासात पाण्याचे स्थान...”

“मास्तर, पोरं भिजवायची हायती,” गुंडू म्हणाला. “विकास वाळल्यावर बघू.”

मास्तरांनी मोबाइल खिशात ठेवला आणि कागदी होड्यांची जबाबदारी घेतली.

आठवडाभर साळोख्यांच्या घरामागच्या परड्यात काम चाललं. उतारावर ताडपत्री अंथरून तिच्यावर साबणाचं पाणी सोडायची व्यवस्था झाली. तिला घसरगुंडी म्हणायचं ठरलं. दाभण तापवून जुन्या पाईपला भोकं पाडली आणि तो कपड्यांच्या तारेवर आडवा टांगला; हा पाऊस. फाटक्या गादीतल्या स्पंजचे तुकडे झाले, ते भिजवून एकमेकांना मारायला. तळ गेलेला एक माठ झाडाला लटकला, त्यातून नेम धरून पाणी आरपार फेकायला. म्हशींची पाणी प्यायची दगडी दोण तात्यांनी राख लावून इतकी घासली की संध्याकाळी म्हशी तिच्याजवळ येऊन बिचकल्या.

“अवो, नात यायलीया,” बाळाबाई म्हणाल्या. “आमदार न्हाय.”

राजनंदिनी आली ती पोहण्याची टोपी आणि निळा चष्मा घेऊनच. स्नेहल तिला सोडून त्याच दिवशी परतली. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं बोलावली होती. न बोलावलेलीही आली, कारण कोल्हापुरात पाणी उडवायला आमंत्रण लागतं असं कुणी मानत नाही. राजनंदिनी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभी राहिली, पाय आत, मान बाहेर. आणि तात्यांनी पाण्याची तोटी सोडली.

चूक इथे झाली, आणि ती जन्मभर म्हशी पाळलेला माणूसच करू जाणे. खेळाची वेळ त्यांनी चारची ठेवली होती. दुसरी वेळ त्यांना सुचलीच नाही. मे महिन्यात पाणी चारलाच असतं. नदीवर जाणं बंद होऊन कैक वर्षं लोटली, तेव्हापासून म्हशींची अंघोळही याच परड्यात, याच पाईपने, चारलाच होत आली होती. तोटीचा आवाज झाला तशी बिजलीने कान टवकारले. बिजली ही चंद्रीची नात. नाव बिजली, चाल सरकारी. तिने एक हिसका दिला, खुंटा उपटला, आणि पोरांमधून, कुणालाही धक्का न लावता, ज्याचं आरक्षण आहे अशा प्रवाशाच्या शांतपणे चालत येऊन ताडपत्रीवर, बरोबर पावसाखाली, बसली. बसताना पाणी भरून ठेवलेल्या फुग्यांची बादली तिच्याखाली गेली. आतले फुगे एकेक करून फुटल्याचा आवाज आला.

तात्यांचा चेहरा बघवेना.

“ए बिजले, ऊठ! ऊठ म्हणतो न्हवं!”

बिजलीने डोळे मिटले.

“बघा,” बाळाबाई दारातून म्हणाल्या, “एकीला तरी करमलं.”

तेवढ्यात राजनंदिनी हसली. ती बराच वेळ हसली. मग उंबरा उतरून, टोपी आणि चष्मा घालून, साबणाच्या पाण्यातून जपून चालत बिजलीपाशी गेली. “आबा, हिला हात लावू?”

“लाव की. ती कुठं लाजती?”

त्यानंतर परड्यातल्या बाकीच्या खेळांना फारसं कुणी विचारलं नाही. मास्तरांच्या होड्या दोणीत एका कोपऱ्याला जमा झाल्या. राजनंदिनीने काथ्याची घासणी मागून घेतली आणि बिजलीची पाठ, पोट, शिंगांच्या मागची जागा असं सगळं घासलं. उरलेलं पाणी रेडकाने पोरांवर उडवलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी गुंडूच्या ट्यूबचा उपयोग सापडला. ओल्या ताडपत्रीवर ट्यूब ठेवायची, ट्यूबमध्ये राजनंदिनीने बसायचं आणि बिजलीचं शेपूट धरायचं. बिजली दोणीकडे निघाली की मागून ट्यूब घसरत यायची. वेग असा की मास्तर बाजूने चालत, वर्तमानपत्र वाचत जाऊ शकले असते. तरी पोरं बोंब मारत होती आणि रांगेवरून भांडणं होत होती. ऋतुराज नावाच्या, शेजारच्या पोराने तर सकाळीच येऊन नंबर लावला.

“शेपूट पिळू नगंस,” तात्या बाजूने चालत सांगायचे. “तिला घाई करायची न्हाय.”

ताडपत्रीचा शेवट आला तसं त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, “सोड!”

राजनंदिनीने सोडलं नाही. ट्यूब फरशीवर अडकली, बिजली थांबली, वळून बघू लागली. तात्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द वापरणं बंद केलं, आणि ताडपत्रीला पुढे आणखी एक ताडपत्री जोडली.

असे दिवस गेले. रोज स्नेहलचा फोन यायचा, रोज तात्या सांगायचे, “करमतंय, करमतंय,” आणि रोज थोडं मोठ्याने सांगायचे. चहाच्या गाड्यावर लोक परस्पर शाळा उघडण्याची तारीख विचारू लागले. तात्यांनी दुधाच्या भांड्यांबरोबर आता राजनंदिनीची टोपीही उन्हात वाळत घालायला सुरुवात केली, म्हणजे ती कायमचीच इथली असल्यासारखी.

एका दुपारी राजनंदिनी दोणीत गळ्याएवढ्या पाण्यात बसली होती. तात्या पाईप धरून होते.

“आबा, मम्मी आत्ता काय करत असेल?”

“हापिसात असंल.”

“तिला माहितीये, बिजली पाणी घातलं की एकच कान हलवते?”

“तिला म्हाईत हाय. हिची आज्जीबी तसंच करायची.”

राजनंदिनीने पाण्यात एक होडी बुडवली, सोडली, परत बुडवली. “मला मम्मीकडे जायचंय.”

“करमंना व्हय?”

“करमतंय. पण मम्मीकडे जायचंय.”

या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. सगळं जागच्या जागी आहे, गोठा भरलेला आहे, गल्ली बोलकी आहे, आणि तरी एक माणूस इथे नाही, ही अवस्था तात्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. पाईप त्यांच्या हातात चालू राहिला. दोण भरून पाणी फरशीवरून वाहत गेलं, नारळाच्या आळ्यात शिरलं, आळंही भरलं.

बाळाबाई बाहेर आल्या, त्यांनी तोटी बंद केली. सगळं ऐकलं होतं त्यांनी. हळूच म्हणाल्या, “पोरगं हाय. उद्या इसरंल. सांगू नका एवढ्यात.”

सल्ला व्यवहाराचा होता. उद्या बिजलीला घेऊन नवा खेळ काढला असता तर राजनंदिनी विसरलीही असती, आणि आठवडा तरी सहज निघाला असता. तात्यांनी हात पुसले आणि स्वतःच फोन लावला. आजवर फोन स्नेहलकडून यायचा. त्यामुळे तिने घाबरूनच उचलला.

“काय झालं?”

“काय न्हाय. येऊन घेऊन जा पोरीला.”

“नाही करमलं ना? मी म्हटलंच होतं.”

“करमलं. लई करमलं.”

“मग?”

“तू न्हाईस की हितं.”

स्नेहल रविवारी आली. राजनंदिनीने तिला चप्पलसुद्धा नीट काढू दिली नाही, ओढत परड्यात नेलं आणि सगळा कारभार दाखवला. स्नेहल दोणीच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसली. बिजलीने तिच्या दंडाला नाक घासलं. ओढणी भिजली तरी ती सरकली नाही. तेवढ्यात रांगेतली पोरं ओरडू लागली की पाहुण्यांनी वेळ खाऊ नये.

जेवण झालं, पिशव्या भरल्या, मिरचीचं तिखट, गूळ आणि तुपाचा डबा गाडीत गेला. दार लावायच्या आधी स्नेहल म्हणाली, “आबा, आता तुम्ही या आमच्याकडे. चार दिवस या. सोसायटीत पोहायचा तलाव आहे. नंदूला तुम्हीच शिकवा.”

“म्हशीबिगर?”

“म्हशीबिगर.”

“आबा, चला ना!” राजनंदिनी आतून म्हणाली. “माझ्या खोलीत दोन बेड आहेत. आत्ताच चला.”

तात्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. हात भाजला असावा, पण काढला नाही. गाडीत मागच्या सीटवर जागा होती, तीही त्यांनी बघितली. मग गोठ्याकडे मान करून म्हणाले, “आलो असतो गं. पण धार कोण काढणार? बिजली दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत न्हाय.”

स्नेहलने आईकडे बघितलं. बाळाबाई ओल्या टॉवेलची घडी घालत होत्या.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “लई खोड हाय तिला.”

गाडी गेली. गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मागच्या काचेतून निळा चष्मा दिसत होता.

साळोख्यांच्या गोठ्यात सकाळ-संध्याकाळची धार, लग्न होऊन आल्यापासून, बाळाबाई काढतात.