छपरासाठी पॉपकॉर्न

जर्मनीतल्या बॉबलिंगेनला येऊन आम्हाला दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. नवरा शेजारच्या गावात गाड्यांच्या कंपनीत इंजिनीयर होता. सकाळी लवकर जायचा आणि संध्याकाळी दमून यायचा. मी घरी. मुलगी नऊ वर्षांची होती आणि एव्हाना तिनं मराठी बोलणं सोडून दिलं होतं. सोडलं म्हणजे तिला समजायचं सगळं. मी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा संसार चालला होता. सुरुवातीला मी रागवायचे. मग रागवायचीही सवय गेली.

वर्गातल्या एका मैत्रिणीच्या नादानं ती फाडफिंडरमध्ये जायला लागली. म्हणजे तिथले स्काउट. दर शुक्रवारी दुपारी जंगलाच्या कडेला एका लाकडी झोपडीत ती मुलं जमायची, गाठी मारायला शिकायची, चूल पेटवायची, गाणी म्हणायची. निळा शर्ट आणि गळ्यात रुमाल. मी तिला सोडायला जायचे आणि परतीची बस उशिरा असल्यामुळे तिथंच कुंपणापाशी थांबायचे. खरं सांगायचं तर बस हे निमित्त होतं. आतून तिच्या हसण्याचा आवाज यायचा. घरी ती इतकी हसत नसे.

मुलांना सांभाळणारी मुलगी कॉलेजात शिकत होती. माझ्यापेक्षा बरीच लहान, पण मी मनातल्या मनात तिला ताईच म्हणायचे, कारण ती मुलांशी तशीच वागायची. एका शुक्रवारी तिनं आम्हा सगळ्या पालकांना झोपडीपाशी बोलावलं. छपराची एक बाजू कुजली होती. तिच्यावर ताडपत्री घातलेली होती आणि तरी आत बादली ठेवावी लागायची. जमीन आणि झोपडी दोन्ही तिथल्या चर्चच्या मालकीची. चर्चच्या समितीचं म्हणणं असं होतं, की हिवाळ्याआधी छप्पर नीट झालं नाही तर मुलांना आत बसू देता येणार नाही. मुलांनी स्वतः काही रक्कम उभी केली तर उरलेल्याचा विचार करू.

"मुलांनी पॉपकॉर्न विकायचं ठरवलंय," ताई म्हणाली. एका मुलीच्या वडिलांकडे जत्रेत असतं तसं पॉपकॉर्नचं यंत्र होतं. "पण मला विकता येत नाही. मी लोकांना नुसतं 'सॉरी' म्हणते. कुणी मदत कराल?"

पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाला नोकरी, कुणाला लहान बाळ, कुणाचे शनिवार आधीच भरलेले. मी लग्नाआधी पुण्यात पाण्याचे फिल्टर विकायचे. कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांमधल्या बायकांना दुपारच्या झोपेतून उठवायचं आणि त्यांनी दार लावून घ्यायच्या आत त्यांना हसवायचं, हे माझं काम होतं आणि मी त्यात वाईट नव्हते. जर्मनीत आल्यापासून मला काय काय येतं हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगायला भाषा पुरत नव्हती.

"मला विकता येतं," मी जर्मनमध्ये म्हणाले. वाक्य छोटं होतं, त्यामुळे चुकलं नाही.

माझ्या मुलीनं माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. धास्ती होती.

पुढच्या शुक्रवारी मी झोपडीत गेले. मुलं अर्धवर्तुळात बसली होती. मी दाराबाहेर गेले, दार लावून घेतलं आणि म्हटलं, मी आता एक कंटाळलेली म्हातारी आहे, मला पॉपकॉर्न विका. एकेक जण आला. "तुम्हाला पॉपकॉर्न हवेत का?" असं सगळे विचारायचे. मी "नको" म्हणून दार लावायचे. मुलं खूप हसली.

मग मी सांगितलं, हवेत का असं विचारायचंच नाही. 'नको' हा शब्द फार स्वस्त असतो. गोड की खारे, असं विचारायचं. माणूस थांबून विचार करतो आणि थांबला की अर्धं काम झालं. माझं जर्मन कुठं अडलं की ताई वाक्य पुरं करायची. सगळ्यांत लहान मुलगी, दोन दात पडलेली, तिला तर हे इतकं आवडलं, की ती झोपडीतल्या खुर्चीला आणि झाडूलाही "गोड की खारे?" विचारत सुटली.

माझी मुलगी खिडकीपाशी उभी होती. तिचा नंबर आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "ममा, प्लीज. माझ्यासाठी नको करू." मी तिला वगळलं.

पहिला शनिवार जून महिन्यातला होता. गावातल्या तळ्याजवळच्या चौकात बाजार भरायचा, तिथं एका फुलवालीनं आम्हाला तिच्या गाडीतून वीज दिली. यंत्र सुरू झालं. मक्याच्या लाह्या फुटायला लागल्या, साखर वितळली आणि तो वास चौकभर पसरला. मग विकावं काही लागलंच नाही. लोक वासानं यायचे, मुलांचे रुमाल बघून हसायचे, लहानगी विचारायची "गोड की खारे?" आणि ते म्हणायचे, "दोन्ही दे." जर्मन माणसं खारे फारसे घेत नाहीत हे मला तेव्हा कळलं, पण त्या दिवशी खारेसुद्धा संपले. दुपारच्या आत सगळा मका संपला.

यंत्राच्या काचेआडून माझी मुलगी ओरडली, "आई! संपलं सगळं!"

मराठीत. तिला स्वतःलाही कळलं नसावं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती सावध झाली असती.

त्या शनिवारानं आमचा घात केला. तो वाईट गेला असता तर मुलांनी तिथंच नाद सोडला असता. पण आता सगळ्यांना वाटलं, छप्पर होणार. लहानगीनं लाल कौलांचं चित्र काढून झोपडीच्या दारावर चिकटवलं. मलाही वाटलं. रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एका शनिवारावर जाऊ नकोस." मी त्याच्यावर चिडले.

दुसऱ्या शनिवारी नगरपालिकेचा एक माणूस आला. सभ्य होता, आवाजही चढवला नाही. उघड्यावर यंत्र लावून खाण्याचे पदार्थ करायचे तर परवानगी लागते, हात धुवायची सोय लागते, विजेची तपासणी लागते, हे त्यानं नीट समजावून सांगितलं. बंद पिशव्यांतून विकलेले चालतील म्हणाला. त्याची चूक नव्हती. यंत्र आम्ही बंद केलं.

तेव्हापासून आम्ही पॉपकॉर्न झोपडीत करायचो, पिशव्यांत भरायचो आणि चौकात आणायचो. पण थंड पॉपकॉर्नला वास नसतो. वास नाही म्हटल्यावर आमच्याकडे उरलं काय, तर टेबल, चार-पाच मुलं आणि मी. लोक लांबूनच ओळखायचे आणि रस्त्याच्या पलीकडून जायचे. एक आजी लहानगीला म्हणाल्या, "बाळा, गेल्या शनिवारी घेतले की मी तुझ्याकडून." लहानगीनं विचारलं, "संपले नाहीत का अजून?" आजी हसल्या नाहीत. त्यानंतर लहानगी प्रश्न विचारेनाशी झाली. पिशवी नुसती पुढे धरायची आणि खाली बघायची.

मी मुलांना नवनवीन युक्त्या सांगत राहिले. हसा, नजर मिळवा, छपराची गोष्ट सांगा. मी खाऱ्यांवर हळद-कढीपत्त्याची फोडणी देऊन पाहिली. मुलांनी चवीपुरते खाल्ले. विकले एकही गेले नाहीत, पिवळ्या पिशव्या आम्हीच घरी नेल्या. मग पाऊस सुरू झाला, मग उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि गाव रिकामं झालं. सुट्ट्यांनंतर दोन मुलं फुटबॉलकडे गेली. एका सुपरमार्केटनं दारात उभं राहू दिलं, पण लाह्या जमिनीवर पडून पायांखाली येतात म्हणून तेही बंद झालं.

सप्टेंबरात मी ताईला म्हटलं, आपण दारोदार जाऊ. ते मला येतं.

"इथं लोकांना दारावर कुणी आलेलं आवडत नाही," ती म्हणाली.

"पुण्यातसुद्धा आवडत नाही," मी म्हटलं. तिला त्यातली गंमत समजली नाही, आणि खरं तर गंमत नव्हतीच. पुण्यात निदान दार उघडायचं. इथं खाली नावांच्या बटणांची पाटी. बटण दाबायचं आणि भिंतीतून आवाज यायचा, "कोण?" मी बोलायला लागले की माझ्या उच्चारावरून पुढचं ठरायचं. "आम्हाला काही नको." खट्. माणसाचं तोंडच दिसत नसेल तर त्याला हसवणार कसं?

माझ्याबरोबर माझी मुलगी होती. यायचं नाही म्हणत होती, पण ताईनं जोड्या लावल्या होत्या आणि ती ताईला नाही म्हणाली नाही. चार-पाच इमारतींनंतर तिनं मला बाजूला केलं आणि स्वतः बोलायला लागली. तिच्या स्वच्छ जर्मनमुळे दोन-तीन दारं उघडली. मी मागे पिशव्या धरून उभी.

एका घराच्या दारात एक वयस्क गृहस्थ आले. स्वच्छ घर, दाराशी फुलांच्या कुंड्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "भारतातून ना? थांबा," म्हणाले. आतून पाकीट घेऊन आले. नोट काढता काढता म्हणाले, "तिथल्या गरीब मुलांसाठी काही करताय, फार चांगलं आहे."

मला कळलं, पण बोलायला शब्द सापडेना. मुलीनं मान हलवली. "नाही. आमच्या झोपडीच्या छपरासाठी आहे. जंगलाच्या कडेला. आम्ही फाडफिंडर आहोत."

"कुणाच्या झोपडीच्या?"

"आमच्या," ती म्हणाली. गळ्यातला रुमाल तिनं सरळ केला. "इथल्याच."

गृहस्थांनी हातातल्या नोटेकडे पाहिलं. मग म्हणाले, "असं होय. त्यासाठी तर चर्च आहे, नगरपालिका आहे." नोट परत पाकिटात गेली. उद्धटपणा नव्हता त्यात. त्यांनी आम्हाला शुभेच्छाही दिल्या. दार हळू लावलं.

आम्ही फुटपाथवर आलो. मी म्हटलं, "तू छान बोललीस."

ती चालत राहिली. बऱ्याच वेळानं जर्मनमध्ये म्हणाली, "तू गप्प राहिलीस ते बरं झालं." तिला मला दुखवायचं नव्हतं. तिनं जे पाहिलं ते सांगितलं. त्या दिवशी आम्ही आणखी एकही बटण दाबलं नाही.

ऑक्टोबरात ताईनं मला फोन करून एकटीला बोलावलं. झोपडीच्या पायरीवर बसली होती. डोळे सुजलेले. चर्चच्या समितीनं ती जमीन विकायचं ठरवलं होतं. लोक चर्चला येत नव्हते, इमारती सांभाळणं परवडत नव्हतं. तिथं घरं होणार होती.

"आता ठरलं?" मी विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. "वसंतातच बोलणी सुरू झाली होती. मला काल सांगितलं. मी विचारलं, मग मुलांना विकू का दिलंत? तर म्हणाले, मुलं इतकी उत्साहात होती, नाही कसं म्हणणार."

मी तिच्याशेजारी बसले. आमच्याकडे अशा वेळी म्हणायचे शब्द आहेत, जाऊ दे, होतं असं. मराठीतून ते पोकळ वाटत नाहीत. जर्मनमध्ये करून पाहिले तर मलाच खोटे वाटले, म्हणून मी तिचा हात धरला. हात गार होता. "मी पण जातेय," ती म्हणाली, "पुढच्या शिक्षणाला, बॉनला. ग्रुप घ्यायला कुणी नाही."

मुलांना तिनं पुढच्या शुक्रवारी सांगितलं. मी दाराशी होते. कुणी रडलं नाही. लहानगीनं हात वर केला, वर्गात करतात तसा.

"आपण अजून पॉपकॉर्न विकले तर?"

ताई गुडघ्यावर बसली, तिच्या डोळ्यांच्या पातळीला. "नाही गं. किती विकले तरी नाही."

"मग आम्ही वाईट विकले का?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मीच उत्तर द्यावं असं तिला वाटत असावं. मी म्हणाले, नाही, तुम्ही खूप चांगलं विकलंत. लहानगीचा विश्वास बसला नाही. तिनं मान वळवली आणि ताईच्या उत्तराची वाट पाहत राहिली.

जमलेल्या पैशांतून शेवटच्या शनिवारी मुलांना झोपडीबाहेर सॉसेज भाजून खायला घातले. आमच्या घरी मांस चालत नाही, म्हणून माझ्या मुलीसाठी कणीस आणलं होतं. तिनं ते खाल्लं नाही. दोऱ्या, भांडी, गाण्यांची पुस्तकं मुलांना वाटून दिली. तिनं काही घेतलं नाही.

शेजारच्या गावात दुसरा ग्रुप होता. मी पत्ता काढला, बसची वेळ पाहिली. "नको," ती म्हणाली. मी महिन्याभरानं पुन्हा विचारलं. "ममा, नको म्हटलं ना." शुक्रवारी दुपारी ती आता खोलीत असायची, दार लावून. मी दारावर टकटक करायचे आणि खायला काही हवंय का, एवढंच विचारायचे.

थंडी संपता संपता झोपडी पाडली. मी बसमधून पाहिलं. पाडकामाचं एक पिवळं यंत्र, थोडी फळकुटं आणि कुंपण. त्या वर्षी नवऱ्याला फ्रँकफर्टला नोकरी मिळाली आणि आम्ही सामान बांधलं. मुलगी जाताना कुणाला भेटायला गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, भेटण्यासारखं कुणी उरलंय का इथं? टेम्पोत खोकी भरताना ती पुढे जाऊन बसली आणि आम्ही निघेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. तिच्या बाजूला नुसती आमच्या इमारतीची भिंत होती.