कव्हरवरची माणसं

बँडचाचांकडे सीडी विकत घ्यायला गेलेल्या माणसाला आधी एक टकटक ऐकावी लागायची. चाचा कव्हर उजेडात धरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि त्यावरच्या चार-पाच केसाळ पोरांपैकी एकाच्या तोंडावर नखाने वाजवून सांगायचे, "हा यात नाय." म्हणजे फोटोत आहे, पण आतल्या गाण्यांत नाही. वाजवणारा वाजवून निघून गेला, फोटोच्या दिवशी त्याच्या जागी नवा उभा होता, एवढंच त्यांना म्हणायचं असायचं. गिऱ्हाइकाला याच्याशी काही देणंघेणं नसायचं. एकदा एका लेबनीज इंजिनिअरने वैतागून विचारलं, की मग ही घेऊ का नको? चाचा शांतपणे म्हणाले, "घे ना. मी फक्त सांगितला."

दुकान जेद्दाच्या अल अझीझियात होतं, एका अत्तरवाल्याच्या आणि एका मलबारी हॉटेलच्या मधे. कॅसेटी, सीडी, घड्याळाचे सेल आणि वरच्या फळीवर धूळ खाणारे रेडिओ. बँडचाचा हे नाव ऐकून नव्या माणसाला वाटायचं, हे लग्नात बाजा वाजवत असणार. चाचांनी आयुष्यात शिट्टीसुद्धा वाजवली नव्हती. ते रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, खाडीकाठच्या गावातले. आखूड पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यांना इंग्लंडातल्या साठीच्या दशकातल्या बँडांची खडान्‌खडा माहिती होती: कोण कुठून कुठे गेला, कोणाच्या जागी कोण आला, आणि सोडून गेलेला किती महिन्यांनी तोंड पाडून परत आला.

याचं कारण चहा. तरुणपणी ते बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होते. बोट लंडनच्या गोदीत दुरुस्तीला अडकली, तिथल्या गाववाल्यांनी यांना उतरवून घेतलं आणि एका क्लबच्या स्वयंपाकघरात बशा धुवायला लावलं. संध्याकाळी क्लबात बँड यायचे. कपडे बदलायला खोली नसल्यामुळे ती पोरं स्वयंपाकघरातच पोत्यांवर बसायची आणि चाचा त्यांना चहा द्यायचे. त्यातली काही पुढे जगभर गाजली, पण चाचांच्या लेखी ती चहावरूनच ओळखू येत. "दूध नको" हा एक गिटारवाला, "तीन साखर" हा ड्रमर, आणि कप कधीच परत न करणारा तो "कपचोर", जो पुढे मोठा गायक झाला. खरी नावं मी इथे लिहीत नाही. जाणकारांना अंदाज येईल, बाकीच्यांना चाचांची नावं पुरेत.

मी स्वतःला जाणकारच समजत होतो. सांगलीच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलवर कॅसेटीवरून कॅसेटी करून घेऊन मी ते सगळं संगीत घोटलं होतं. जेद्दाला एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली, बायको आणि मुलगी पुण्यात राहिल्या, आणि गुरुवार-शुक्रवारची सुट्टी मला खायला उठायची. अशाच एका गुरुवारी मी त्या दुकानात शिरलो आणि दाढीवाल्या सेल्समनला ऐकवलं, की अमुक बँड संगीतविषयक मतभेदांमुळे फुटला. चाचा गालातल्या गालात हसले.

"मतभेद पुस्तकात," ते म्हणाले. "त्याची आई आजारी होती. रोज आमच्या किचनमधनं घरी फोन लावायचा. एक दिवस गेला तो आला नाय. बाकीच्यांनी दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी दुसरा उभा केला. काय करतील? कार्यक्रम तर करायलाच हवा."

तेव्हापासून माझे गुरुवार मार्गी लागले. बोलणं रंगात आलं की हमखास अजान व्हायची. चाचा वाक्य अर्धं टाकून शटर ओढायचे आणि मशिदीकडे चालायला लागायचे. मी बाहेर पायरीवर बसून राहायचो. परत आल्यावर शटर वर करता करता ते नेमक्या त्याच ड्रमरपासून पुढे सुरू करायचे, मधे काही झालंच नाही अशा थाटात. हॉटेलातल्या एका धार्मिक वृत्तीच्या गृहस्थाने त्यांना एकदा छेडलं, की एवढे नमाजी तुम्ही, आणि हे गाणंबजावणं कसं चालतं? चाचा म्हणाले, "मी ऐकतो कुठं? मी माणसं मोजतो." आणि ते खरं होतं. दुकानात गाणं लावलेलं मी फारसं ऐकलं नाही. त्यांना गाण्यापेक्षा ते गाणारी माणसं पुढे कुठे गेली याचीच काळजी.

हा हिशोब ते जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर मांडायचे. एका बँडचा चौकोन, त्यातून निघालेली रेघ, ती दुसऱ्या चौकोनात शिरलेली, तिथून तिसऱ्या. सातबाऱ्यावर वारस चढतात-उतरतात तसले फेरफार. एकाच बँडच्या चौकोनात सहा वर्षांत अकरा जण येऊन गेलेले. मी विचारलं, "चाचा, पहिल्यातला एकही उरला नाही, मग हा तोच बँड कसा?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. "नाव तेच हाय ना. नाव ठेवायला कोणतरी थांबतो, बाकीचे पोटासाठी फिरतात."

'बँड फुटला' असं ते कधीच म्हणत नसत. "माणूस हलला," म्हणायचे. आणि हललेल्या माणसापेक्षा त्यांचा जीव त्याच्या जागी आलेल्या बदलीवाल्यावर जास्त. कुणाला ताप आला, कुणी रुसला, म्हणून पंधरा दिवसांसाठी आणलेले, कुठल्याही कव्हरवर न आलेले लोक त्यांना नावानिशी पाठ. "बदलीवाला जीव तोडून वाजवतो रे, बाबा. आणि लोक खालनं ओरडतात, तो कुठाय, आमचा तो कुठाय? त्याला काय वाटत असल?" हे बोलताना ते माझ्याकडे बघत नसत. मला वाटायचं, क्लबातला कुणी बदलीवाला आठवत असेल. मी किती ठोंब्या होतो ते मला नंतर कळलं.

चाचांच्या घरी गावात बायको आणि दोन मुली होत्या, आणि धाकटा भाऊ. बावीस वर्षं चाचा जेद्दात आणि घर भावाच्या अंगावर. शाळेचे दाखले, आजारपणं, मुलींची शिवणाची मशीन, सगळं त्याने केलं. चाचा दोन वर्षांनी दोन महिने जायचे. "मी गेलो की पहिले आठ दिवस सगळी पाव्हण्यासारखी वागवतात," ते एकदा म्हणाले. "पुढचे पंधरा दिवस मी कुठं बसायचा तेच मना कळत नाय. भावाच्या खुर्चीत बसलो तर तो उभा राहतो. मग मीच ओट्यावर जाऊन बसतो."

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. दुकानाचा सौदी मालक म्हणजेच चाचांचा कफील. पासपोर्ट त्याच्या कपाटात, आणि त्याच्या सहीशिवाय देश सोडता येत नाही. कफील माणूस वाईट नव्हता, पण नेमका त्याच वेळी गुडघ्याच्या उपचारासाठी जर्मनीला गेला आणि तिथेच दोन महिने राहिला. सही करायला दुसरं कुणी नाही. निकाह झाला त्या दिवशी चाचा दुकानात घड्याळांचे सेल बदलत बसले होते.

दीड महिन्याने गावाकडून एक गाववाला लग्नाचा फोटो घेऊन आला. चांगला मोठा, कडक प्लास्टिकमधे. आम्ही चार-पाच जण जमलो. मधे मुलगी आणि जावई, मागे भाऊ, बाजूला बायको, आणि तिच्या शेजारी चक्क चाचा. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याने इकाम्यासाठी, म्हणजे सौदीतल्या राहण्याच्या परवान्यासाठी, काढलेला चाचांचा फोटो कॉम्प्युटरवर जोडला होता. डोकं चाचांचं, पण अंग कुणाचं कोण जाणे. निळा कोट, टाय, खांदे पैलवानाचे. सगळे नवरीकडे बघतायत आणि चाचा एकटे नाकासमोर, सरकारी कॅमेऱ्यात. आम्ही म्हटलं, वा, किती छान, कळतसुद्धा नाही. चाचांनी फोटो उजेडात धरला, चष्मा कपाळावर चढवला. मग फोटोतल्या आपल्याच तोंडावर नखाने टकटक करून म्हणाले, "हा यात नाय."

कुणाला हसावं की काय करावं ते कळेना. मी त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन उगाचच पुण्याला दोनदा फोन केला.

दोन वर्षांनी धाकटीचं ठरलं आणि या वेळी चाचांनी एकच धोशा लावला: मी जाणार. सुट्टी मागितली असती तर कफील म्हणाला असता, हजचा सीझन होऊ दे. म्हणून त्यांनी सुट्टी मागितलीच नाही. "मी खलासच मागतो," ते म्हणाले. म्हणजे नोकरी सोडून कायमचं परत. स्वतःच्या जागी त्यांनी शेजारच्या हॉटेलातल्या एका पन्नाशीच्या मलबारी गृहस्थांना तयार केलं आणि रोज एक कप्पा याप्रमाणे सगळं दुकान समजावलं. अर्ज मी टाईप करून दिला. कफीलने तो वाचला, गल्ल्यात ठेवला आणि म्हणाला, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या. असे तीन आठवडे उद्या झाले. लग्न बारा दिवसांवर आलं आणि कळलं, की कफील येत्या शनिवारी जर्मनीला निघालाय. या वेळी दुसऱ्या गुडघ्यासाठी.

गुरुवारी मी चाचांसोबत थांबलो. कफील काठी टेकत आला, गल्ल्यामागे बसला. चाचांनी काहीच मागितलं नाही. कपाटातून तो प्लास्टिकमधला फोटो काढून त्याच्यासमोर ठेवला. कफील खूश झाला. माशाल्ला, सुंदर मुलगी, आणि कोटात तू तर अगदी मुदीर, म्हणजे मोठा साहेब, दिसतोस, असं काहीतरी म्हणाला. चाचांनी त्या कोटवाल्यावर बोट ठेवलं. "मू अना," ते म्हणाले. हा मी नाही. मग मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, की त्या दिवशी मी इथे होतो, या स्टुलावर.

कफीलला स्वतःला चार मुली. तो बराच वेळ फोटो जवळ-लांब करून बघत राहिला. मग गल्ला उघडून अर्ज काढला आणि सही केली. सही करता करता कुरकुरलाही, की आता मला कोण सांगणार, कुठल्या सीडीत कोण नाही ते. म्हणजे इतकी वर्षं तोही ऐकत होता.

निघायच्या आदल्या दिवशी मी सामान बांधायला गेलो तर चाचा धाकटीसाठी घेतलेला कपबशांचा सेट गुंडाळत होते. कशात, तर कॅलेंडरांत. वीस वर्षांचे चौकोन आणि रेघा चुरगाळून एकेका कपात कोंबल्या जात होत्या. मी ओरडलोच. म्हटलं, चाचा, हे मला द्या, मी वर्तमानपत्रं आणतो. ते हात न थांबवता म्हणाले, "वर्तमानपत्र पातळ असतो. कप फुटले तर पोरीला काय देऊ, ड्रमर?" मी निमूटपणे उरलेल्या बशा गुंडाळायला लागलो. एका कागदावर 'तीन साखर'ची रेघ लांब जाऊन कडेला संपत होती. तो पुढे कुठे गेला, ते मला विचारायचं राहून गेलं.

चाचा पुन्हा जेद्दाला आले नाहीत. पुढे मीही परतलो. दुबई-दोहाच्या आलेल्या नोकऱ्या नाकारल्या, तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं. मुलगी मराठीतून विचारलं की इंग्रजीतून उत्तर देते, पण समोर बसून देते. चाचा वारल्याचं त्या मलबारी गृहस्थांनी फोन करून कळवलं. गावी येतो, येतो म्हणत मी गेलो नव्हतो, आणि ते माझ्या मनाला अजून लागून आहे. कुठेही जुन्या बँडचं गाणं कानावर पडलं की मला गाणं ऐकूच येत नाही, मी कान देतो तो त्या टकटकीकडे. इतकी आठवण येते.

अशा वेळी मी तो फोन आठवतो. धाकटीच्या निकाहाचा दिवस होता. शुक्रवार, दुकान बंद. मी जेद्दाहून कॉलिंग कार्डावर चाचांच्या घरी फोन लावला. परदेशातून फोन आला की गावाकडे काय होतं ते तिथे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घरातली सगळी कामं टाकून धावत येतात, एकेकाच्या हातात रिसीव्हर जातो. फोन भावाने उचलला. मागे भांड्यांचा, बायकांचा, पोरांचा कल्लोळ. मी म्हटलं, मुबारक हो, चाचांना द्या.

"तो कामात हाय," भाऊ धापा टाकत म्हणाला. "पंगत बसलीय. मटणाकडं तोच हाय, मना डेगीला हात लावू देत नाय. थांबा, बोलावतो." आणि रिसीव्हर तसाच बाजूला ठेवून तो गेला.

मी थांबलो. लांबून चाचांचा आवाज आला, एरवी कधी न ऐकलेला, चढा, मालकाचा. कुणाला तरी ओरडून सांगत होते, की ताटं इकडं आणा, पहिली पंगत पाव्हण्यांची. भावाने त्यांना काहीतरी सांगितलं असावं. "नंतर, नंतर," चाचा म्हणाले, "आता वेळ नाय."

चार वर्षांत पहिल्यांदाच चाचांना माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. मी फोन ठेवला नाही. कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत त्यांच्या घरचा तो गोंगाट ऐकत उभा राहिलो.