प्लीज, थँक्यू आणि नवशीची सून

पोशेऱ्याच्या नवशीला हिंदी येत नव्हती असं कुणी म्हणू नये. दिवाळी सरली की ती आणि तिचा नवरा सोम्या भिवंडीकडं बांधकामावर जात. तिथं मुकादमाच्या तोंडून ती हिंदी शिकली. 'जल्दी करो', 'उठाओ', 'बैठी क्यों है' एवढीच ती हिंदी, पण तिच्या चांगली हाडीमांसी भिनलेली. म्हणून तर दिपेशचा गोव्याहून फोन आला तेव्हा तिची पंचाईत झाली.

"आय, मी लगीन केलाय," दिपेश म्हणाला. "पोर मेघालयची हाये. इबा नाव. माझ्याच हॉटेलात कामाला हाये. तिला मराठी येत नाय, हिंदी थोडी थोडी येते. इंग्लिस मात्र फाडफाड बोलते."

एकुलत्या एका पोरानं न सांगता लग्न उरकलं, याचा राग नवशीनं चारदोन शिव्यांत आटोपला. मग म्हणाली, "मुकादमाच्या बोलीत मी सुनेशी नाय बोलायची. माला इंग्लिस शिकायला लागंल."

नागली, म्हणजे नाचणी, कापायच्या दिवसांत दोघं आठवडाभर यायची होती. पाड्यावरच्या बायकांनी तर निकाल आधीच लावून टाकला: लांबची पोर, एकदा येईल, फोटो काढील आणि पुन्हा या वाटेला फिरकणार नाही. नवशी त्यांना फटकारायची, पण मनातून हादरली होती. सून घरात रमली नाही तर पोरगाही पाहुणाच होऊन बसणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

मोखाड्याच्या बाजारात ती रानभाजी विकायला बसे. निवृत्त शिक्षिका सुशीलाबाई तिचं जुनं गिऱ्हाईक. कंटोळी निवडता निवडता बाईंनी शिकवणी सुरू केली. बाई शिस्तीच्या. त्यांनी आधी कम, सिट, वॉटर, ईट, स्लीप असे शब्द दिले आणि मग त्यांना सोवळं नेसवलं. काही मागायचं, सांगायचं तर आधी प्लीज. काही मिळालं तर मागून थँक्यू. "प्लीज विसरलीस तर उद्धट दिसशील, नवशे," असा दमही भरला.

नवशीला बसून पाठांतर जमेना. तिचं डोकं चालायचं ते हात चालत असताना. आवणीला बायका ओळीनं वाकून भाताची रोपं लावत तेव्हा ती चिखलात रोप खोचायची आणि ओरडायची, "कम!" गाण्याचं धृपद धरावं तशा बाकीच्या ओरडायच्या, "कम!" पुढचं रोप, "सिट!" आवणी संपेस्तोवर सगळी ओळ इंग्रजीत तयार झाली. शेजारची रामी तर आपल्या म्हशीला रोज गुड मॉर्निंग म्हणू लागली. म्हशीनं काही मनावर घेतलं नाही.

ठरल्या दिवशी जीप आली. जीन्सवर टिकली लावलेली, गोल चेहऱ्याची इबा खाली उतरली आणि अख्खी आवणीची ओळ एका सुरात म्हणाली, "वेलकम! प्लीज सिट!" घरात खुर्ची एकच होती. इबा हसत हसत तिच्यावर बसली. नवशीनं तांब्या पुढं केला. "वॉटर, प्लीज."

"थँक्यू, मदर," इबा म्हणाली.

नवशीला आभाळ ठेंगणं झालं. बोललेलं कळलं होतं आणि उत्तरही आलं होतं!

पण दुसऱ्या दिवशी तोच थँक्यू तिला टोचायला लागला. भाकर वाढली, थँक्यू. अंथरूण घातलं, थँक्यू. चहाला थँक्यू, आंघोळीच्या पाण्याला थँक्यू. पाड्यावर घरचं माणूस घरच्या माणसाचे आभार मानत नाही. आईनं वाढलं म्हणून कुणी आभार मानतं का? नवशीनं थँक्यू ऐकला होता तो बाजारात. शहरातलं गिऱ्हाईक थँक्यू म्हणतं, पिशवी उचलतं आणि चालायला लागतं. सुनेच्या प्रत्येक थँक्यूला तिला वाटायचं, ही पिशवी उचलतेय.

आणि ही बया नवशी तरी काय करत होती? इबा झाडू घ्यायला उठली की "नो नो, प्लीज सिट." चुलीकडं वळली की "प्लीज सिट." बिचारी दिवसभर गुडघे जुळवून खुर्चीवर. पाहुणी म्हणून बसवायची हिनंच, आणि पोर पाहुणीसारखी वागते म्हणून झुरायचंही हिनंच!

तिसऱ्या दिवशी सोम्या आणि दिपेश शेतावर होते. कापलेल्या नागलीची कणसं अंगणभर वाळत पडलेली. दुपारी डोंगराआडून काळं आभाळ चढलं आणि बघता बघता टपोरे थेंब पडायला लागले. वर्षाची भाकरी अंगणात उघडी पडलेली. नवशी धावली. एका हातात ताडपत्री, दुसऱ्या हातानं कणसं ओढतेय, काही जुळेना. त्या गडबडीत सुशीलाबाईंची सगळी शिस्त उडून गेली.

"इबा! कम! जल्दी कम! उठाओ!" ती गरजली. "बैठी क्यों है!"

इबा खुर्चीवरून उडालीच. चप्पल एकीकडं टाकली, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि दोन्ही हातांनी कणसं कवेत घेऊन ओटीवर नेऊन ओतू लागली. तिचा हात सराईत होता. ताडपत्रीचं एक टोक तिनं न सांगता धरलं, दगड ठेवला. दोघी चिंब झाल्या, पण नागली वाचली.

मग नवशीच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. मुकादम जसाच्या तसा तोंडातून बाहेर पडला होता. जी बोली सुनेला ऐकवायची नाही म्हणून आवणीभर घसा फोडला, तीच ऐकवली. तिला रडूच फुटलं. "सॉरी, प्लीज. प्लीज, सॉरी," ती पुटपुटत राहिली. इबा मात्र केस पिळत खो खो हसत होती आणि बरंच काही बोलत होती. नवशीला त्यातलं 'मदर' तेवढं कळलं.

संध्याकाळी दिपेशनं उलगडा केला. "आय, तिच्याकडं पण डोंगरात भाताची शेती हाये. पाऊस आला का तिची आय अशीच बोंब मारते. ती म्हणते, आज पयल्यांदा घरी आल्यासारखा वाटला. दोन दिवस तिला वाटत होता का तू तिला परकी समजतेस, कशाला हात लावू देत नाय."

त्या रात्री नवशीनं पिठाची परात इबापुढं सरकवली आणि प्लीज म्हटलं नाही. भाकरीचा आकार मेघालयाच्या नकाशासारखा निघाला. सोम्यानं ती गुमान खाल्ली.

सकाळी नवशी चुलीशी होती. अंगणाच्या कडेला कुडाची न्हाणी, तिला गोणपाटाचा पडदा. आतून खणखणीत हाक आली, "आय! वॉटर! हॉट वॉटर!"

नवशी पदरानं पातेलं धरून जवळजवळ धावतच गेली. पडद्यातून ओला हात बाहेर आला, पातेलं आत ओढलं गेलं आणि पडदा खसकन बंद झाला. नवशी कान देऊन उभी राहिली. आतून नुसता पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

कुंपणापलीकडून रामीनं सगळं पाहिलं होतं. तिनं नाक मुरडलं. "एवढा ऊन पाणी दिला, थँक्यू पण नाय बोलली तुझी सून."

"नाय बोलली!" नवशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "रामे, आयकलास ना तू पण? नाय बोलली!"